कुठल्या सालची ट्रिंकोमाली?

मुंबईच्या गोदीवर विशेषांक काढायचं ठरलं, तेव्हा संपादकांनी मला ठाण्यातल्या एका चित्रकाराकडे पाठवलं. एकोणिसाव्या शतकातल्या युद्धनौका हाच त्यांचा विषय. ‘ट्रिंकोमाली’ हवी म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “अहो, पण कुठल्या सालची?”

जहाजाची हकिकत थोडक्यात सांगतो. जमशेटजी बमनजी वाडियांनी ही फ्रिगेट सागवानात बांधली आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती मुंबईत पाण्यात उतरली. तिचे आराखडे घेऊन येणारी ‘जावा’ 1812 मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत गेली, म्हणून ते पुन्हा पाठवावे लागले. आज ट्रिंकोमाली इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे.

ब्रिटिश नौदलाचे आराखडे साधारणपणे एका फुटाला पाव इंच, म्हणजे 48 पट लहान. त्यात जहाज बाजूनं, वरून आणि टोकाकडून दाखवतात. टोकाकडच्या आकृतीत तर अर्धी बाजू नाळेची (पुढच्या टोकाची) आणि अर्धी वरामीची (मागच्या टोकाची), कारण डावं-उजवं सारखंच. या तीन सपाट आकृत्यांतून पाण्यावर तरंगणारं जहाज उभं करायचं! चित्रकार लवचिक पट्टी कागदावर वाकवतात, तिच्यावर वजनं ठेवतात आणि एका दमात रेघ ओढतात. डेक मध्ये किंचित खोलगट, दोन्ही टोकांना उचललेला. जहाजाच्या कुशी पाण्यापासून वर जाताना आत झुकलेल्या, त्यामुळे तोफांच्या खिडक्यांची रांगही सरळ भासत नाही. एक खिडकी त्यांनी माझ्यासमोर चारदा खोडली. फरक केसाएवढा होता, पण चौथ्या खेपेला जहाजाला खरोखर वजन आलं.

आणि इथून सालाचा प्रश्न सुरू होतो. 38 तोफांचं म्हणून मागवलेलं हे जहाज 1817 च्या नव्या वर्गवारीत 46 तोफांचं ठरलं, कारण आता कॅरोनेड या आखूड तोफाही मोजणीत धरल्या जाऊ लागल्या. 1840 च्या दशकात तिचं 26 तोफांच्या कॉर्व्हेटमध्ये रूपांतर झालं, वरामीही गोलाकार झाली. निशाणाचंही तेच. 1864 पर्यंत ॲडमिरलच्या तुकडीप्रमाणे ते लाल, पांढरं किंवा निळं असे. त्यानंतर नौदलासाठी फक्त पांढरं राहिलं. वारा मागून असेल तर तेच निशाण पुढे फडकायला हवं. जुन्या जहाजांच्या नव्या चित्रांत ते आगबोटीसारखं मागे उडताना दिसलं की चित्रकार अस्वस्थ होतात. रंगावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. ‘व्हिक्टरी’च्या जुन्या रंगाचे थर तपासल्यावर 2015 मध्ये ते जगप्रसिद्ध जहाज फिकट छटेत पुन्हा रंगवावं लागलं.

संपादकांना मुखपृष्ठावर मुंबईची गोदी, 1817 साल आणि फुगलेली शिडं असं सगळं एकाच चित्रात हवं आहे. पण त्या काळी जहाज पाण्यात उतरवताना सहसा डोलकाठ्या उभारलेल्या नसत, तोफा चढवलेल्या नसत. मग शिडं कुठून येणार? चित्रकार ती काढायला तयार नाहीत. मी त्यांच्या बाजूनं आहे आणि संपादकांना तसं कळवलंही आहे.