दाढीवाल्या सरड्याची निद्रा

मध्य आस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशांतील दाढीवाला सरडा आज इंग्लंड-अमेरिकेंतील पुष्कळ घरांत काचेच्या पेटींत पाळला जातो. काल हातांतील किडा आवडीनें खाणारा हा प्राणी थंडीच्या आरंभीं एकाएकीं अन्न सोडतो, कोपऱ्यांत दडतो आणि कित्येक आठवडे निजून राहतो. (रागावला कीं दाढी काळी करतो, तो प्रकार निराळा.) पाळणारीं मुलें घाबरतात, व तें भय आम्हांस अनाठायीं वाटत नाहीं. प्रौढ सरड्यास ही निद्रा स्वाभाविक आहे. त्याच्या देहाची ऊब बाहेरूनच यावयाची, म्हणून मूळ देशीं गारठ्यांत तो आडोशास पडून राहतो. परंतु रोगी सरडाही असाच निपचित पडतो! तेव्हां त्यास आठवड्यास एकदां तराजूंत घालावें. निद्रेंत वजन फारसें घटत नाहीं. तें झपाट्यानें उतरलें, किंवा पाय थरथरूं लागले, तर पशुवैद्याकडे न्यावें. थरथर बहुधा कॅल्शियमच्या उणिवेची खूण असते. खिडकींतलें ऊन पुरेसें आहे असें पुष्कळांस वाटतें. पण त्यांतील आवश्यक अतिनील किरण काच अडविते, आणि त्यांवांचून ड जीवनसत्त्व पुरेसें न बनून खाल्लेलें कॅल्शियम अंगीं लागत नाहीं. याकरितां पेटींत निराळा दिवा लावतात. पिलूं मात्र असें निजून राहिलें, तर वजन घटण्याचीही वाट पाहूं नये.