मंगळवेढ्याचा कडू भोपळा

मंगळवेढा म्हटलं की ज्वारी. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं खुली केली ती इथलीच, आणि इथल्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण या भागातलं आणखी एक पीक थेट गवयाच्या खोलीत जाऊन पोचतं. तंबोऱ्याचा भोपळा.

हा भाजीचा नव्हे. चवीला कडूजहर, गुरंही तोंड लावत नाहीत. कोवळा तोडला तर कवटी सुकताना आक्रसते, म्हणून तो वेलावर पुरता जून होऊ देतात आणि मग वाळवतात. नीट वाळलेला भोपळा हातात घेतला की आकाराच्या मानानं नवल वाटावं इतका हलका लागतो. आत बिया खुळखुळतात.

इथून शंभराहून अधिक किलोमीटरवर मिरज. तिथं एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि ते घराणं पुढं सतारमेकर झालं. आजही लाकूड येतं कर्नाटकातून, भोपळा मंगळवेढ्याकडून.

कारागीर आधी भोपळ्यावर टिचकी मारतो, कान देतो, मग सुतळीनं घेर मोजतो. पन्नास इंचांच्या वर भरला तर पुरुषी तंबोऱ्याचा, त्याहून कमी तर बायकी, आणखी लहान सतारीचा. म्हणजे वाद्याचं माप सुताराआधी शेतातच ठरलेलं असतं! मग करवतीनं तोंड कापायचं, गर नि बिया खरवडायच्या, कवटी पाण्यात भिजवून नरम करायची आणि आत काठ्यांचा ताण देऊन वाळत ठेवायची. मनासारखी गोलाई आली की लाकडी गळा जोडायचा, वर तबली म्हणजे लाकडी झाकण, पुढं दांडी. भोपळा लाकडाचं ऐकत नाही. लाकडालाच त्याच्या कडेप्रमाणे तासून घ्यावं लागतं. शेवटी तारांखालची घोडी घासून जवारी, म्हणजे तारेची गुंज, काढायची. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवला, की सपाट वाजणारी तार एकदम गुंजायला लागते. (ज्वारीच्या गावचा भोपळा अखेर जवारीवरच येऊन थांबतो.)

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावात मंगळवेढा नाही. तेव्हा तंबोरा घ्यायला मिरजेला गेलात, तर दुकानातल्या चकचकीत वाद्यांवरून नजर काढून वर टांगलेल्या मळकट भोपळ्यांकडेही बघा, आणि ते कुठल्या शिवारातले हे विचाराच.