साध्या माणसाचा गुन्हा, काळ्या-पांढऱ्यात

1951 साली ‘बाजी’ आला आणि मुंबईच्या पडद्यावर रात्र उतरली. गुरुदत्तचं हे पहिलंच दिग्दर्शन, पटकथा बलराज साहनींची. नायक मदन बेकार, घरात बहीण आजारी. तिच्या उपचारासाठी पैसा हवा म्हणून तो जुगाराच्या क्लबात शिरतो. सिगारेटचा धूर, जिन्यावरच्या सावल्या असा सगळा फिल्म न्वारचा, म्हणजे अंधाऱ्या गुन्हेपटांचा, सरंजाम त्यात होता. पण मदन गुन्ह्याकडे वळण्याआधीच प्रेक्षकाने त्याला माफ केलेलं असे.

हाच साचा पुढे चालला. विजय आनंदचा ‘काला बाजार’ (1960) मला त्यात सर्वांत जवळचा. नोकरी गेलेला बसकंडक्टर रघुवीर थिएटरबाहेर तिकिटांचा काळाबाजार करू लागतो. ‘मदर इंडिया’च्या प्रीमियरची खरी दृश्यं यात आहेत, पडद्यावरच्या मुंबईत खरी मुंबई अशी थेट शिरलेली तेव्हा क्वचित दिसे. देव आनंदचा हा रघू खराखुरा रस्त्यावरचा माणूस वाटतो. तरी शेवटी ज्या वकिलाचे पैसे त्याने लांबवले, तोच कोर्टात त्याची बाजू मांडतो. इथेही क्षमा तयारच!

मराठीत राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964) छायाप्रकाशाच्या कामात कुठेही उणा नाही. काशिनाथ घाणेकरांचा वकील आणि अभिनेत्री भावना यांची दुहेरी भूमिका आजही खिळवून ठेवते. दोन वर्षांनी राज खोसलांनी त्यावरून ‘मेरा साया’ केला, तो रंगीत. रहस्य तेच राहिलं, अंधार मात्र पातळ झाला. ‘सिंहासन’ (1979) गुन्हेपट नव्हे. पण रंगीत सिनेमाच्या ऐन भरात जब्बार पटेलांनी तो काळ्या-पांढऱ्यात केला, आणि निळू फुल्यांचा पत्रकार दिगू सगळं बघून शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो, तेव्हा ती निवड किती अचूक होती ते कळतं. पुढचे गुन्हेपट रंगीतच झाले आणि त्यांचे नायक पोलीस तरी झाले नाहीतर टोळीवाले. साधा माणूस मागे पडला.

तो मला पुन्हा भेटला 2001 मध्ये, परक्या भाषेत. कोएन बंधूंचा ‘द मॅन हू वॉझन्ट देअर’. काळ 1949, गाव कॅलिफोर्नियातलं सांता रोझा. एड क्रेन हा दुकानात केस कापणारा, फारसं न बोलणारा गृहस्थ. ड्रायक्लीनिंगच्या धंद्यात भागीदारी मिळेल म्हणून तो बायकोच्या प्रियकराकडून दहा हजार डॉलर उकळतो. त्यातून खून होतो. एडने केलेल्या खुनाचा आळ बायकोवर येतो आणि त्याने न केलेल्या खुनासाठी त्याला मृत्युदंडाची शिक्षा होते. रॉजर डीकिन्स यांनी तो रंगीत फिल्मवर चित्रित केला आणि काळ्या-पांढऱ्यात छापला. एडच्या घरी कुणी आजारी नाही, चूलही रोज पेटते. आयुष्य थोडं बदलावं, एवढीच त्याची इच्छा. आमच्या सिनेमाने पन्नास वर्षांत टाळलेलं धाडस हेच: साध्या माणसाला सबबीशिवाय गुन्हेगार होऊ देणं.

अशी माणसं आपल्याकडे नाहीत, असं मला कुणी सांगू नये. उरणजवळच्या न्हावा शेवा बंदराच्या परिसराकडे पाहा. जानेवारी 1984 मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी लढताना इथे पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क मिळाला. 26 मे 1989 ला बंदर सुरू झालं. त्या बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवून ज्यांना हनुमान कोळीवाड्यात वसवलं, त्यांच्या घरांना वाळवी लागली. 2024 च्या जानेवारीत या भागाला मुंबईशी जोडणारा अटल सेतू खुला झाला, आणि जमिनीचे भाव हा घराघरातला विषय झाला. भूखंड, दलाल, भावाभावांतले दावे, रात्रभर दिव्यांच्या उजेडात हलणारे कंटेनर. याच उजेडात वजनकाट्यावर बसलेला, पगारात भागणारा एखादा कारकून मला दिसतो. त्याला फक्त थोडं अधिक हवं आहे.

उरण-पनवेलच्या एकांकिका स्पर्धांत लिहिणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे: ही गोष्ट मुंबईवाल्यांसाठी ठेवू नका, तुम्हीच लिहा, आणि ती काळ्या-पांढऱ्यातच चित्रित करा.