आग विझली; पाणी कोठे गेले?

कारखान्याला आग लागली की तिची बातमी ठरावीक वळणाने जाते. बंब किती आले, आग किती तासांनी आटोक्यात आली, किती माणसे दगावली, एवढे सांगून ती संपते. बंबांनी ओतलेले लाखो लिटर पाणी कोठे गेले, हे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः रासायनिक कारखान्याच्या बाबतीत दुसरी दुर्घटना तेथूनच सुरू होते. ज्वाळांच्या तडाख्यातून जे उरते, ते पाणी आपल्याबरोबर वाहून नेते. गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत.

हा धडा जगाला मिळाला तो स्वित्झर्लंडमध्ये. १ नोव्हेंबर १९८६ रोजी, मध्यरात्र उलटल्यानंतर, बाझल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. गोदाम मुळात यंत्रसामग्रीसाठी बांधलेले. त्यात सुमारे १,३५० टन रसायने होती, त्यांत कीटकनाशके आणि पाऱ्याची संयुगेही होती. पहाटेपर्यंत आग विझली. परंतु ती विझविण्यासाठी वापरलेले दहा ते पंधरा हजार घनमीटर पाणी अडवून धरण्याची पुरेशी सोय नव्हती. ते ऱ्हाइन नदीत गेले. रंगद्रव्याने नदी लाल झाली, सुमारे चारशे किलोमीटरपर्यंत वाम जातीचे मासे लाखांहून अधिक संख्येने मेले आणि थेट हॉलंडपर्यंत नदीचे पाणी उचलणे थांबवावे लागले. खेदाची गोष्ट अशी, की या धोक्याची सूचना १९८१ सालीच एका विमा कंपनीच्या पाहणी अहवालाने दिली होती.

पुढच्याच वर्षी, मे १९८७ मध्ये, अमेरिकेतील डेटन शहरात रंगाच्या एका प्रचंड गोदामाला आग लागली. त्या जमिनीखालच्या भूजलावरच शहराची तहान भागत होती. अधिकाऱ्यांनी पाण्याचा मारा आवरता घेतला आणि गोदाम जळू दिले. निर्णय धाडसी होता, आणि भूजल वाचविण्याच्या दृष्टीने शहाणपणाचाही. पण तो सर्वत्र घेता येत नाही. डोंबिवलीत २०१६ आणि २०२४ या दोन्ही वर्षांच्या मे महिन्यात रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. तेथे कारखान्यांच्या लगतच वस्ती आहे. धूर माणसांच्या घरात शिरत असता आग जळू द्या, असे कोण म्हणेल? पाणी मारावेच लागणार. आणि म्हणूनच ते अडविण्याची तजवीज आगीच्या आधी असली पाहिजे.

ही तजवीज काही अलौकिक नाही. मिनिटाला ३,००० लिटर या वेगाने दहा तास पाणी मारले, तर १८ लाख लिटर पाणी जमते. त्याला ३० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असा पक्का हौद पुरतो. टाक्यांभोवती बांध, आवारातील पावसाळी गटाराच्या तोंडाशी बंद करता येणारी झडप आणि गोदामाच्या दाराशी उंचवटा, एवढी सामग्री हवी. टाकीभोवतीच्या अशा भिंतीला इंग्रजीत ‘बंड’ म्हणतात; तो शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातूनच नेला. शब्द आपला, पण त्यामागची सावधगिरी मात्र आपल्या अंगवळणी पडलेली नाही.

अर्थात, नुसता बांध घालून भागत नाही. इंग्लंडमधील बन्सफील्ड येथे ११ डिसेंबर २००५ रोजी तेलाच्या टाक्या पेटल्या, तेव्हा बांध होतेच. पण त्यांचे सांधे आणि नळ आरपार नेण्यासाठी ठेवलेली भोके गळली. इंधन आणि आग विझविण्याचा फेस भूजलात उतरला. कोकणात तर पावसाची आणखी भर पडते. बांधाच्या आत पावसाचे पाणी साचते म्हणून झडप उघडून ठेवली जाते, आणि मग बांध असूनही नसल्यासारखाच. ती झडप एरवी बंद असावी, पाणी तपासूनच उघडावी, आणि हौदाच्या मापात पावसाचाही हिशेब धरावा. सामायिक सांडपाणी केंद्राकडे हे पाणी वळविणे, हाही उपाय नव्हे. त्यातील विषाने सांडपाणी शुद्ध करणारे जीवाणूच मरतात.

१९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या केंद्रीय नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्यांनी आपत्कालीन योजना आखावी आणि दर सहा महिन्यांनी तिचा सराव करावा, असे बंधन आहे. त्या सरावात गटाराची झडप बंद करून पाहिली जाते काय, हे तपासनिसांनी अवश्य विचारावे. लहान कारखानदाराला स्वतंत्र हौद परवडणार नाही, हे खरे. पण औद्योगिक वसाहतीने सर्वांसाठी एक हौद बांधावा आणि खर्च वाटून घ्यावा, यात अशक्य काय आहे? हा खर्च अनाठायी म्हणणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की तो टाळला तर संपत नाही; तो महाडजवळ सावित्रीच्या, लोट्याजवळ वाशिष्ठीच्या काठावरील मच्छीमाराच्या आणि विहिरीवर घागर घेऊन येणाऱ्या बाईच्या माथी बसतो.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही आपली जुनी म्हण. बंब वेळेवर रामेश्वरी पोचले, तरी त्यांनी ओतलेले विषारी पाणी सोमेश्वरी वाहत जाणार असेल, तर आग विझली असे म्हणता येणार नाही.