पूरकाठचे घर : जुने की नवे?
कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर अनुभवले असल्यामुळे तेथे घराच्या देखभालीचा खर्च बांधकामाच्या वयापेक्षा भिंतीतील ओलाव्यावर अधिक अवलंबून असतो. जुन्या घरातील मातीची भिंत दीर्घकाळ पाण्यात राहिल्यास मऊ होऊन ढासळते. याउलट दगड-विटांच्या भिंतीवरील चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने ओल बाहेर पडू देतो, मात्र त्याची डागडुजी वारंवार करावी लागते. नवे सिमेंट काँक्रीटचे घर पुरात सहसा उभे राहते, तरीही भेगांतून शिरलेले पाणी आतील सळ्यांपर्यंत पोहोचले की त्या गंजतात आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या काही पट असल्याने काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. पाण्यात विरघळलेले क्षार भिंत वाळताना पृष्ठभागावर साचतात; यालाच लोणा म्हणतात, आणि त्यावर घाईने रंग दिल्यास तो लवकरच सुटतो. म्हणून भिंत पूर्ण वाळू देणे, जुन्या भिंतीला सिमेंटऐवजी चुन्याचाच गिलावा करणे आणि नव्या घरातील भेगा वेळीच बुजवणे यांवर केलेला थोडा खर्च पुढील मोठा खर्च टाळतो.