वेळापत्रकाचे गणित

छत्रपती संभाजीनगरात, १८५७ च्या उठावाचे स्मरण जागविणाऱ्या क्रांती चौकापासून जवळच, उस्मानपुऱ्यात, १९६० साली स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील वाटेवरून जाणाऱ्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास ‘डेटा स्ट्रक्चर्स व अल्गोरिदम’ या विषयाची आखणी कशी होते, हे ज्ञात असणे हितावह आहे.

तासांची तरतूद : एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात व्याख्यानाचे १५ किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास, म्हणून तीन श्रेयांक व्याख्यानास आणि एक प्रात्यक्षिकास मुक्रर केला, तर १५ आठवड्यांच्या मुदतीत ७५ तास हाती येतात.

विषयांचा क्रम : ॲरे व लिंक्ड लिस्ट प्रथम, स्टॅक व क्यू तदनंतर, रिकर्शन अंगवळणी पडल्यावाचून ट्री, आणि ट्री व हीप उमगल्यावाचून ग्राफमधील लघुतम मार्ग शिकविणे, हे पाया भरण्यापूर्वीच कळस चढविण्यासारखे होय.

तक्त्यातील कोडे : ज्या दोन विषयांचे विद्यार्थी समाईक, त्यांना एकच वेळ देता येत नाही; विषयांस बिंदू, अशा विरोधास रेषा आणि वेळेस रंग मानला, की हा प्रश्न ग्राफच्या रंगभरणाचा होतो. रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली ज्या २१ प्रश्नांचे काठिण्य सिद्ध केले, त्यांत त्याची गणना असून, सर्व उदाहरणांस पुरेल अशी शीघ्र रीत अद्याप कोणास गवसलेली नाही.

सूचनाफलकावरील तक्ता हाच, म्हणून, या विषयाचा पहिला पाठ आहे.