हवेचा होइस्ट: वाळूजच्या शेडपासून माझगावच्या गोदीपर्यंतचे गैरसमज

गंगापूर तालुक्यात समुद्र नाही, पण वाळूज एमआयडीसी आहे. 1985 मध्ये इथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्या शेड उभ्या राहत गेल्या. या शेडमध्ये काम शिकलेल्या पोरांना कॉम्प्रेसरची हवा नवी नसते. नट आवळायची गन हवेवर, रंगाचा स्प्रे हवेवर. मुंबईत जहाजं बांधणाऱ्या माझगाव डॉकची स्वतःची अप्रेंटिस शाळा आहे आणि आयटीआय झालेला फिटर किंवा वेल्डर तिथे अर्ज करू शकतो. तो गोदीत जातो तेव्हा हवेवर चालणारा होइस्ट, म्हणजे टनभर ओझं साखळीने उचलणारं यंत्र, त्याच्या हाती येतं. त्या यंत्राबद्दलच्या काही ठाम समजुतीही तो सोबत घेऊन गेलेला असतो. त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या आहेत, आणि काही थेट जिवावर बेतणाऱ्या आहेत.

पहिली शंका साधी असते: नुसत्या हवेने टनभर लोखंड उचलेल कसं? याचं उत्तर गणितात आहे. 6 बार दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 6 किलोचा जोर. 10 सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनवर तो 470 किलोच्या घरात जातो. बहुतेक होइस्टमध्ये पिस्टनऐवजी पट्ट्यांची मोटार असते. तिच्यातला रोटर सिलिंडरच्या मधोमध नसतो, एका बाजूला सरकवून बसवलेला असतो, आणि त्याच्या खाचांमध्ये सरकत्या पट्ट्या असतात. हवा त्या पट्ट्यांना ढकलते, रोटर मिनिटाला हजारो फेरे घेतो, आणि गिअर तो वेग कमी करून जोर वाढवतात. पाव टनापासून 100 टनांपर्यंतचे हवेचे होइस्ट आज बनतात. हे तंत्र नवंही नाही. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे मजुरांनी हातातल्या हत्यारांनी आणि सुरुंगाच्या दारूने फोडले, 1863 मध्ये तो घाट खुला झाला. त्याआधीच, 1861 पासून, आल्प्स पर्वतातल्या मों सनी बोगद्यात दाबाच्या हवेवरची ड्रिल खडक फोडत होती.

काहींची समजूत उलट्या टोकाची असते. त्यांना वाटतं, गोदीत सगळंच हवेवर उचललं जातं. तसं नाही. 15 जानेवारी 2025 रोजी मुंबईत सुरत, निलगिरी आणि वाघशीर ही दोन जहाजं आणि एक पाणबुडी एकाच दिवशी नौदलात दाखल झाली. तिन्ही माझगाव डॉकने बांधलेली. अशा जहाजांचे अवाढव्य भाग जोडायचे तर क्रेनच लागते, आणि माझगावला त्यासाठी 300 टनांची गोलायथ क्रेन आहे, ती विजेवर चालते. हवेचा होइस्ट कामाला येतो तो जहाजाच्या पोटात: इंजिनाच्या खोलीत, पंपरूममध्ये, टाक्यांमध्ये. तिथे जागा अपुरी, ओल भरपूर आणि तेलाची वाफ साचलेली. जहाजावर हवा असतेच, कारण मोठी इंजिनं सुरूच मुळी 25 ते 30 बारच्या हवेने होतात. तीच हवा दाब कमी करून 7 बारवर हत्यारांना दिली जाते.

इथे हवेच्या होइस्टचा खरा गुण दिसतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. विजेच्या साध्या होइस्टला एक किंवा दोन ठरावीक वेग असतात. हवेच्या होइस्टच्या हँडलवर दोन लिव्हर असतात आणि लिव्हर जितका दाबाल तितकाच तो चालतो. प्रोपेलर शाफ्टचं कपलिंग जुळवायचं असेल, भोकासमोर भोक आणायचं असेल, तर जाणता कामगार लिव्हरवर अंगठा नुसता टेकवतो. साखळी एक कडीसुद्धा पुढे जात नाही, पण ओझं मिलिमीटरभर सरकलेलं असतं. खालून खलाशी ‘हाबेस’ म्हणाला की वर, ‘आर्या’ म्हणाला की खाली. शिवाय ओझं जास्त होऊन मोटार अडली तरी ती जळत नाही, नुसती थांबते. दिवसभर उचल-ठेव केली तरी तापत नाही, कारण पसरणारी हवा तिला थंडच करत असते.

‘हवा गेली की ओझं खाली येणार’ ही भीती सर्रास ऐकू येते. ब्रेकची रचना नेमकी याच्या उलट आहे. ब्रेक आवळून ठेवायचं काम स्प्रिंग करते आणि तो सोडवायचं काम हवा करते. लिव्हर दाबला की हवा ब्रेकमध्ये शिरते, स्प्रिंग मागे सरते आणि साखळी मोकळी होते. हौज फुटला, कॉम्प्रेसर बंद पडला, तर स्प्रिंग आपोआप ब्रेक दाबते आणि ओझं जिथल्या तिथे लटकून राहतं. पण म्हणून ब्रेकवर डोळे मिटून भरवसा ठेवायचा नाही. हवेत तेल सोडणारी वाटी गरजेपेक्षा जास्त उघडी ठेवली आणि ब्रेकच्या अस्तरावर तेल चढलं, तर तो घसरतो. लटकलेलं ओझं तासाभरात चार बोटं खाली आलेलं दिसलं तर होइस्ट तिथेच बाजूला काढावा.

सगळ्यात घातक गैरसमज ठिणगीचा. ‘वीज नाही म्हणजे ठिणगी नाही, टाकीत बिनधास्त वापरा.’ पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास मिसळली तरी पेट घेऊ शकते. होइस्टच्या मोटारीत ठिणगी नाही हे खरं, पण पोलादी हूक गंजलेल्या पत्र्यावर आपटला तर ठिणगी उडतेच. होइस्टचं अंग ॲल्युमिनियमचं असेल आणि ते गंजावर घासलं, तर निघणारी ठिणगी जास्तच तप्त असते, कारण ॲल्युमिनियम गंजातला ऑक्सिजन ओढून घेतं. कोरड्या हवेच्या झोताने रबरी हौजमध्ये स्थिर विद्युत साचते. म्हणून अशा जागी तांब्याचा मुलामा दिलेला किंवा ब्राँझचा हूक, वीज वाहून नेणारा हौज आणि अर्थिंग लागतं, आणि होइस्ट त्या जागेसाठी प्रमाणित असावा लागतो. नुसता हवेवर चालतो एवढं पुरत नाही.

याच्याच जोडीचा एक गैरसमज श्वासाशी खेळतो. होइस्टमधून सतत हवा बाहेर पडते, मग टाकीत वेगळ्या वायुवीजनाची काय गरज? होइस्टची सुटणारी हवा तेलाचे कण घेऊन येते आणि ती एका कोपऱ्यात घुमत राहते. टाकीत ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली गेला असेल तर ती भरपाई करू शकत नाही. उतरण्याआधी मीटरने तपासणी, सुरक्षित असल्याचा दाखला आणि दाराशी उभा असलेला माणूस, यांची जागा कोणतंच यंत्र घेत नाही.

आता पाण्याकडे वळतो, कारण वाळूजला शिकलेला माणूस मुंबईत नेमका इथे फसतो. गंगापुरात मे महिन्यात 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत जेमतेम 10 ग्रॅम पाण्याची वाफ असते. ती हवा 7 बारला दाबून 45 अंशांपर्यंत थंड केली की घनमीटरमागे दोनेक ग्रॅम पाणी सुटतं. मिनिटाला 10 घनमीटर देणाऱ्या कॉम्प्रेसरवर तासाला सव्वा लिटरच्या आसपास. दिवसाकाठी एकदा ड्रेन उघडला तरी काम भागतं, असं त्या माणसाला वाटत राहतं. जुलैत मुंबईच्या गोदीत 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असते. त्या हवेत घनमीटरला 25 ग्रॅमहून जास्त वाफ असते, आणि दाबून तिथल्या तापमानाच्या जवळपास थंड केल्यावर त्यातली साधारण 20 ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडते. त्याच कॉम्प्रेसरवर तासाला 12 लिटर! हे पाणी रिसीव्हरमधून, म्हणजे हवेच्या टाकीतून, आणि फिल्टरमधून काढलं नाही तर ते होइस्टच्या मोटारीत पोचतं, तेल धुऊन नेतं, पट्ट्या फुगवतं आणि सिलिंडर गंजवतं. हवा बाहेर पडताना इतकी थंड होते की मुंबईच्या उकाड्यातही सायलेन्सरवर बर्फ धरतो आणि होइस्ट रडतखडत चालायला लागतो. मग सगळे मोटार उघडतात, आणि दोष असतो ड्रेनकडे न पाहण्याचा. त्यामुळे ‘हवेच्या होइस्टला देखभाल लागत नाही’ हे वाक्य गोदीत अजिबात चालत नाही. कामाआधी हौज फुंकून घ्यायचा, फिल्टरची वाटी रिकामी करायची, तेलाची पातळी बघायची, आणि काम संपल्यावर साखळीवरचा खारेपणा पुसून तिला तेल लावायचं.

दाबाच्या बाबतीतही अशीच फसगत होते. कॉम्प्रेसरवर काटा 7 वर आहे म्हणजे होइस्टला 7 मिळतात, हे गृहीत धरलं जातं. लांब आणि बारीक हौजमधून हवा धावताना दाब गळतो, आणि ओझं उचलत असताना होइस्टच्या तोंडाशी 5 सुद्धा उरत नाहीत. दाब मोजायचा तो होइस्टपाशी आणि चालू कामात. बंद अवस्थेत मोजलेला दाब उपयोगाचा नाही. कमी भरला तर मोठ्या व्यासाचा हौज घ्यावा. त्याऐवजी कॉम्प्रेसरचा दाब चढवत गेलं, तर दर 1 बारला वीज सहा-सात टक्क्यांनी वाढते.

हवा फुकट नसते, हे यातूनच कळावं. सायकलच्या पंपाचं खालचं टोक गरम लागतं, तीच उष्णता कॉम्प्रेसरमध्ये मोठ्या प्रमाणावर वाया जाते. विजेचा होइस्ट ज्या कामाला एक किलोवॅट घेईल, त्याच कामाला हवेच्या होइस्टमागे कॉम्प्रेसरवर आठ-दहा किलोवॅट सहज लागू शकतात. पाइपला 3 मिलिमीटरचं भोक राहिलं तर एकट्या त्या गळतीत तीन-साडेतीन किलोवॅट जातात, होइस्ट चालू असो वा नसो. म्हणून वाळूजच्या कोरड्या, मोकळ्या शेडमध्ये सुटे भाग उचलायला माझ्या मते विजेचाच होइस्ट बरा. रंगाची बूथ, सॉल्व्हंटची खोली किंवा जहाजाची टाकी असेल तिथे हवेवरचा खर्च योग्य ठरतो.

शेवटचा मुद्दा वजनाचा. होइस्टची चाचणी 125 टक्के ओझ्यावर झालेली असते, मग 1 टनाच्या होइस्टवर सव्वा टन चालतंच, असं अनेक सुपरवायझरही म्हणतात. चाचणीचं ते जादा ओझं जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, मोजून, माणसं लांब ठेवून टांगलेलं असतं. रोजच्या कामात झटका बसतो, ओढ तिरपी लागते, साखळी झिजते, आणि ती जादा ताकद याच गोष्टींसाठी राखलेली असते. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 29 ने उचलयंत्रं, साखळ्या आणि दोर यांची किमान बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी घालून दिली, आणि ठरलेल्या सुरक्षित भारापेक्षा जास्त ओझं लादायला मनाई केली. हा भार यंत्रावर स्पष्ट लिहिलेला असावा लागतो. माल उचलायच्या होइस्टवर माणूस कधीच चढवायचा नाही, ‘दोन मिनिटांचंच काम आहे’ म्हणूनसुद्धा नाही. माणसं नेण्यासाठीच्या हवेच्या विंच वेगळ्या बनतात, त्यांना दुसरा ब्रेक असतो आणि प्रमाणपत्रही वेगळं असतं.